डाव्या चाकाची साखळी

"परत लाव," गंगाबाई म्हणाल्या.

सुविधाने मोबाइल पुन्हा सासूसमोर धरला. कॅनडातला पांढराफटक रस्ता, दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ. मधोमध लाल ट्रॅक्टर, पुढे बर्फ लोटायचं रुंद पातं. टोपी आणि मफलरात डोळ्यांखेरीज काहीच न दिसणारा एक माणूस गुडघ्यावर बसून मागच्या चाकाला लोखंडी साखळी बांधत होता.

"चाकाला साखळी कशाला गो?"

"बर्फावर घसरू नये म्हणून. सिद्धेशने ऑफिसच्या खिडकीतून व्हिडिओ काढलाय. तिसऱ्या मजल्यावरून."

"तिसऱ्या मजल्यावरून?" गंगाबाईंनी चष्मा पुसला. "मग चाक माझ्या नाकासमोर कसं?"

"मोठं करून काढलं असेल, आई. चहा निवतोय. उंडो पाव ताजो आहे, बुडवून खा बघू."

"निवू दे. परत लाव."

माणूस उठला. ट्रॅक्टरच्या पायरीशी थांबला, वाकला आणि बुटाच्या बंदाला हात घातला. मग एकदम भानावर आल्यासारखा त्याने हात सोडवला, पायरीला लावला, तोच कपाळाला लावला आणि वर चढला.

गंगाबाईंचे यजमान शिवदास चिखलातसुद्धा चपला काढूनच ट्रॅक्टरवर चढत. लक्ष्मी आहे ती, म्हणत. मये गावच्या शेतात त्याच चिखलात ट्रॅक्टर घसरून उलटला आणि ते खाली सापडले. तेराव्याला सिद्धेशने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, पुन्हा ट्रॅक्टरवर बसणार नाही.

"कॅनडातली माणसं ट्रॅक्टरच्या पाया पडतात?"

सुविधाने मोबाइल झटकन मागे घेतला. "कोणी पंजाबी असेल. तिकडे पुष्कळ आहेत."

"तुला बरी माहिती. लाव त्याला फोन."

"आता झोपला असेल."

"इथे सकाळ तेव्हा तिथे संध्याकाळ. तूच सांगितलंस मगे."

सुविधाने फोन लावला. दोनदा रिंग वाजली.

"आई! चहा झाला?" सिद्धेशचा आवाज जरा बसलेला होता.

"होतोय. ऑफिस कसं आहे रे?"

"मस्त गो. हीटर लावायचा आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं. बाहेरचं वारंसुद्धा लागत नाही."

"बरं आहे. खालच्या त्या ट्रॅक्टरवाल्याला एक निरोप देशील? डाव्या चाकाची साखळी मला ढिली दिसली."

"नाय गो, ती मी कालच घट्ट..."

सुविधा कपबशा उचलायला म्हणून उठली आणि रिकाम्या हातांनीच स्वयंपाकघरात गेली.

गंगाबाईंनी आपल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"सिद्धेश," त्या म्हणाल्या, "चढताना बूट काढायला जाऊ नको हां. पाय गोठतील."