बाहेर बोलावले आहे

"नाव तेच?" हिरामणने विचारलं.

"तेच," म्हणत सुधाकरराव ऑपरेटरच्या केबिनमधल्या एकुलत्या एक स्टुलावर टेकले.

हिरामणने काच चिमणीच्या धुरावर धरली. काजळी नीट बसली तशी टाचणीने अक्षरं कोरायला घेतली. विमला, बाहेर बोलावले आहे.

पूर्वी कुणाकडे पाहुणे आले, कुणाची म्हैस व्यायली, की चंद्रप्रभा टॉकीजच्या पडद्याच्या कोपऱ्यात असं नाव उजळायचं आणि तो माणूस शेजाऱ्यांचे पाय तुडवत बाहेर धावायचा. आता खिशाखिशात मोबाइल आले होते. गेलं वर्षभर चंद्रप्रभेत एकच नाव लागत होतं, दर शुक्रवारी, तीनच्या खेळाला. उठत कुणीच नव्हतं.

हिरामणच्या अक्षराला मात्र तोड नव्हती. त्याच्या लग्नात बायकोचं नवं नाव लिहायला तांदळाचं ताट पुढे आलं, तेव्हा त्याने अंगठीने 'आशालता' असं रेखलं की भटजी मंत्र विसरले, असं डोअरकीपर क्लेमेंट अजून सांगायचा. क्लेमेंटच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण अक्षर खरंच देखणं होतं.

"पुढच्या शुक्रवारी शेवटचा खेळ," हिरामण म्हणाला. "फ्रेडरिकशेठनं कालच सांगितलं."

"म्हणजे नाहीच चाललं?"

"कसं चालनार? तिकडं चार पडदे, गार हवा, मागं कलनारी खुर्ची. आपल्याकडं ढेकूण."

प्रयत्न झालेच नव्हते असं नाही. फ्रेडरिकशेठने पंखे बदलले, रंग दिला, नवा पडदा लावला. लोक आले, "छान केलंत हो" म्हणाले आणि पुढच्या शुक्रवारी मल्टिप्लेक्सला गेले.

"मी जाऊन आलो तिथे," सुधाकरराव म्हणाले. "स्लाइड लावाल का, विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अंकल, रॉंग पार्किंगमधल्या गाडीचा नंबर असेल तर अनाउन्स करते."

हिरामण हसला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

बहात्तर साली सुधाकरराव वसईत नव्या नोकरीवर होते. वटारच्या विमलाशी त्यांचं जमलं होतं, आणि तिच्या घरी दुसरं स्थळ पक्कं होत आलं होतं. दोघांनी पळून जायचं ठरवलं. ती वहिनीबरोबर चंद्रप्रभेत तीनच्या खेळाला येईल, पडद्यावर नाव लागलं की एकटीच उठून बाहेर येईल. सुधाकरराव नाव देऊन आले आणि समोरच्या चिंचेखाली टांगा घेऊन उभे राहिले. खेळ सुटला, गर्दी पांगली. विमला वहिनीच्या मागून मान खाली घालून निघून गेली. हेच तिचं उत्तर, असं ते समजले.

मग बदली, परगावचा संसार, आणि बायको गेल्यावर परत इकडे, बोळिंजचा रिकामा फ्लॅट. विमला कुठेतरी दिली, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. परक्या घरच्या बाईची या वयात चौकशी कशी करायची? पडद्यावर नाव लावायला मात्र कुणाची हरकत नव्हती. एकदाच तिला विचारायचं होतं, का उठली नाहीस?

"त्या दिवशी स्लाइड नक्की लागली होती ना?" हे ते दर शुक्रवारी विचारायचे.

"लागली होती," हिरामण दर शुक्रवारी सांगायचा. तेव्हाही ऑपरेटर तोच होता.

शेवटच्या खेळाला सगळ्यांनी घरची माणसं आणायची, असं शेठने सांगितलं. क्लेमेंट तर हिरामणच्या मागेच लागला.

"वहिनीला आन रे आता तरी! चाळीस वर्सं तू गावाला सिनेमे दाखवले आनि तिनं एकदा पायरी चढली नाय."

आशालताचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. त्या पडद्याचा मला भरवसा नाय, म्हणायची. लोक हसायचे. हिरामणही हसायचा.

त्या गुरुवारी घरी तो म्हणाला, "उद्या चल."

"नको."

"शेवटचा खेळ हाय. चल, आशा. एकदा."

त्याचा आवाज तिला वेगळा लागला असावा. तिने पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

शुक्रवारी थेटर खचाखच भरलं. "हे सगळे गेल्या वर्सी कुठं मेले होते?" फ्रेडरिकशेठ डोळे पुसत म्हणाला. हिरामणने बायकोला बाल्कनीत कडेची खुर्ची दिली आणि तो केबिनमध्ये गेला. सुधाकरराव आधीच येऊन बसले होते.

"हिरामणराव, आज शेवटचं विचारतो. त्या दिवशी स्लाइड लागली होती ना?"

हिरामण काच धुरावर धरून उभा होता. काजळी जाड होत गेली.

"तुम्ही आज इथं बसू नका," तो म्हणाला. "चिंचेखाली जाऊन उभे राहा."

"कोण येणार आहे आता?"

"बोलावनाऱ्यानं बाहेर असायला पायजे, साहेब. पद्धतच आहे तशी."

सुधाकरराव काठी टेकत जिना उतरले. हिरामणने टाचणी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्याची अक्षरं वाकडी आली. पुसून पुन्हा लिहावीत असं त्याला वाटलं, पण त्याने तशीच काच लावली आणि भिंतीतल्या चौकोनी झरोक्याला डोळा लावला.

पडद्याच्या कोपऱ्यात नाव उजळलं. बाल्कनीत कडेची खुर्ची वाजली.

"बसा ना, आशालतावहिनी," दारातून क्लेमेंटने बॅटरी मारली. "तुमाला नाय बोलावलं. कोन ती विमला, तिला बोलावलंय."

ती पायाने अंधारात चपला चाचपत होती.