शारजातली कडाक्याची थंडी

ऑक्टोबर संपत आला तशी उल्हासरावांनी शारजातल्या व्हिलाची हिवाळ्याची तयारी काढली. म्हणजे काय, तर अंगणात पिटुनियाची रोपं लावली, झोपाळ्याला नव्या गाद्या घातल्या, बार्बेक्यूची शेगडी घासून घेतली. आता चार महिने दर वीकेंडला अंगणात पार्टी.

तेवढ्यात चिपळूणहून आईचा फोन आला.

"या थंडीत येऊ का रे तुझ्याकडे?"

हाफ पँटमधल्या उल्हासरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "नको गं आई. इथली थंडी तुला सोसायची नाही. हाडं गोठतात नुसती."

"अरे, मे महिन्यात तूच म्हणालास, ऊन सोसायचं नाही, थंडीत ये."

उल्हासराव झोपाळ्याची नवी गादी झटकू लागले.

"बरं, मग पावसाळ्यात येते. कधी असतो रे तुमच्याकडे पावसाळा?"