सतराव्या तासाचा शर्ट

सकाळचे दहा वाजले आणि सतरावा तास लागला. विंगेत शिंपी हातावर एक निळा शर्ट घेऊन उभा होता.

आदल्या संध्याकाळी सहापासून गवई गात होता. चोवीस तासांचा प्रयोग, दर तासाला एक गेलेला माणूस. पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, बायकांनीच बायकांशी थाटलेले संसार. घरच्यांनीही ज्यांची नावं पुसून टाकली, असे चोवीस जण. प्रत्येकाची गाणी वेगळी, पोशाख वेगळा. पोशाख सगळे शिंप्याने शिवलेले. हा एक सोडून.

हा शर्ट बासरीवाल्याचा होता.

गवई आणि शिंपी सव्वीस वर्षं एका घरात राहत होते. बासरीवाला गवयाच्या आयुष्यातला, त्याच्याही आधीचा. ऐन तिशीत तो आजाराने गेला, एवढंच शिंप्याला ठाऊक होतं. त्याचा शर्ट आपल्याच कपाटात आहे हे त्याला महिन्याभरापूर्वी कळलं, गवयाने तो पुढ्यात आणून ठेवला तेव्हा.

"अंगात बसेल असा करून दे," गवई म्हणाला होता.

"इतकी वर्षं कुठे होता हा?"

"हिवाळ्याच्या कपड्यांखाली."

ते कपडे दरवर्षी गवई स्वतः काढायचा आणि स्वतःच घड्या घालून ठेवायचा. घरातलं तेवढं एकच काम तो न सांगता करायचा. शिंप्याला त्याचं कौतुक वाटत आलं होतं.

दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या असत्या तर भागलं असतं. शिंप्याने शर्ट फक्त धुतला आणि इस्त्री केली. बसू नये तो, असंच त्याला वाटत होतं. मेलेल्याला अख्खा तास. आणि ज्याने रोज सकाळी घशासाठी पाणी तापवलं, दाराखालून सरकवलेली घाणेरडी पत्रं गवयाच्या नजरेला पडायच्या आत फाडली, त्याच्या वाट्याला एक कडवंही नाही. तो जिवंत होता ना.

गवई रंगमंचाच्या कडेला आला. पोशाख सगळ्यांसमोरच बदलायचा होता. शिंप्याने त्याच्या हातांत बाह्या चढवल्या. खांदे आवळले. पुढे दोन कडांमध्ये चांगलं वीतभर अंतर राहिलं. पहिल्या रांगेतली पांढऱ्या केसांची माणसं टक लावून पाहत होती.

गवयाने आपल्या पोटाकडे पाहिलं, मग शिंप्याकडे.

"तू हातच लावला नाहीस याला," तो हळू म्हणाला. आवाज बसत चालला होता.

"नाही."

 गवई माइककडे वळला.

"हा शर्ट आम्ही दोघं आळीपाळीने घालायचो," त्याने लोकांना सांगितलं. "आता मला होत नाही. या माणसाने सव्वीस वर्षं मला दोन्ही वेळा गरम जेवू घातलंय."

लोक हसले. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. शिंप्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मनातला राग आता कुठे ठेवायचा ते त्याला कळेना.

गवयाने त्याच्याकडे पाठ केली. "काप."

"त्याचा आहे तो."

"माहीत आहे. काप."

शिंप्याने खिशातली कात्री काढली आणि पाठीवरून वरपासून खालपर्यंत शर्ट कापला. कापड जुनं होतं, चटकन फाकलं. पुढची बटणं आता लागली, पण टाचण्या विंगेत राहिल्या होत्या आणि वादकांनी सुरावट सुरूही केली होती. मग तो मागेच उभा राहिला, कापलेल्या दोन्ही कडा गवयाच्या पाठीशी धरून.

गवई गाऊ लागला. पुलावरची पहिली भेट. बासरीवाल्याचे गार हात. हसताना दिसणारा वाकडा दात. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून हसणं. शिंप्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. प्रत्येक ओळ त्याला टोचत होती, आणि जाता येत नव्हतं. हात सोडले असते तर शर्ट खांद्यांवरून घसरला असता.

तिसऱ्या कडव्याला गवयाचा आवाज चिरकला आणि थांबला. वादक तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. 

शिंप्याने दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर दाबले.

"श्वास घे," तो म्हणाला.

गवयाने श्वास घेतला, आणि बासरीवाल्याचं नाव घेतलं.