कोलाफळांचे दोन वाडगे

पहिल्या फेरीत दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत आणि दुसऱ्या फेरीसाठी अबुकारीच्या चिमुकल्या पक्षाची तीन टक्के मतं सोन्याची झाली. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे; आज तमाले शहराहून आलेले दोन्हीकडचे पुढारी अंगणात चपला काढून बसले होते. समोर दोघांनी रिवाजाप्रमाणे भेट आणलेल्या कडवट कोलाफळांचे दोन वाडगे. ज्याचं फळ अबुकारी चावेल, त्याला पाठिंबा. "अहो, दोन्ही परत करा," दाराआडून त्याची बायको अझारा कुजबुजली. कुंपणापलीकडे, गेल्या निवडणुकीत एका बाजूला पाठिंबा दिला म्हणून पेटवलेलं शेजाऱ्याचं घर अजून बिनछपराचं होतं. "बाळंतपणाचा दवाखाना कोण देतंय?" अबुकारीने विचारलं. "माझ्या लेकीसारखं कुणी वाटेत मरायला नको." सत्ताधाऱ्यांनी सहीशिक्क्याचा कागद पुढे केला. त्याने त्यांचं फळ चावलं. विरोधक उठून चालू लागले. अझारा त्यांचा वाडगा घेऊन त्यांच्यामागे धावली. "भाऊ, तुमची फळं..." "राहू द्या, वहिनी. तुमचं घर पाहिलंय आम्ही."