उपाशी पलटण

“यात कुणी जेवतं का?” प्रत्येक सिनेमा लावण्याआधी सर्जेराव एवढंच विचारत.

प्रजासत्ताक दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये जुना युद्धपट दाखवायचा, तर निवड फौजी माणसाचीच हवी, म्हणून सेक्रेटरी गद्रेबाईंनी ते काम त्यांच्यावर सोपवलं होतं. फौजेत ते अठ्ठावीस वर्षं पलटणीचे आचारी होते, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अकरा सिनेमे त्यांनी नापास केले. “चार दिवस लढतायत आणि एकाच्याही हातात ताट नाही. हे कसला पूल जिंकतायत?” बाराव्यात धुराआड एक मोठं पातेलं दिसलं. पुढचं न बघताच त्यांनी तो पास केला.

त्या दिवशी हॉल गच्च भरला. पडद्यावर पातेलं आलं, तसे सर्जेराव खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. तेवढ्यात कॅप्टनने हात वर केला आणि जवान उकळतं पातेलं तसंच सोडून टेकडीकडे निघाले. सर्जेरावांनी गद्रेबाईंच्या हातातला रिमोट घेऊन सिनेमा थांबवला.

“उपाशी कुणी जायचं नाही.”

तासाभराने ते घरून खिचडीचं पातेलं घेऊन आले. तोवर जागचं उठायची कुणाची टाप नव्हती. पहिलं ताट त्यांनी पडद्यापुढे ठेवलं, त्याभोवती पाणी फिरवलं, आणि मगच सत्तर माणसांना वाढलं. कॅप्टनचा हात अजून वरच होता.

शेवटचं ताट उठल्यावर सर्जेराव पडद्याकडे वळले.

“झालं ना पोटभर?” त्यांनी जवानांना विचारलं. “जा आता.”

आणि बटण दाबलं.