एक दिवसाआड

साल त्रेसष्ट. पहिलीच्या बाईंचा नेम ठरलेला: एक दिवस दुप्पट, दुसऱ्या दिवशी निम्मे. दोन्ही एकदम शिकवलं की पोरांचा गुंता होतो, असं त्यांचं म्हणणं.

शाळेत बाकं मोजकी, म्हणून एका घरातलं एकच मूल घेत. शिंपिणीच्या घरून पिटुकली यायची. पोर चुणचुणीत, पण तिने बाईंच्या डोक्याचा पार भुगा केला.

दुप्पटीच्या दिवशी सातची दुप्पट विचारायचा अवकाश, "चौदा!" म्हणून मोकळी. लगेच आठाचे निम्मे विचारले, तर टकामका बघायची. दुसऱ्या दिवशी बारा खड्यांचे निम्मे झटक्यात वेगळे करायची आणि दुप्पट म्हटलं की तोंडाला कुलूप.

"अगं, काल तर घडाघडा सांगत होतीस!"

"काल ना…" म्हणत ती पाटीवर रेघोट्या ओढू लागली.

बाईंनी शिंपिणीला बोलावून घेतलं. "हिला घरी काही आजारबिजार?"

"नाही हो बाई. खाते, खेळते." शिंपिणीने मान वर केली नाही. "परीक्षेत करील सगळं."

हेडमास्तर मात्र वैतागले होते. "शुक्रवारी मीच परीक्षा घेतो. दोन्ही आलं नाही तर नाव काढा. त्या जागेसाठी दुसरी पोरं ताटकळलीत."

बाईंनी त्याच संध्याकाळी हे शिंपिणीच्या कानावर घातलं.

शुक्रवारी पिटुकलीने सगळ्या दुप्पटी फडाफडा सांगितल्या.

"आता निम्मे," हेडमास्तर म्हणाले.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"

"पळाली बघा तुमची हुशार!" हेडमास्तर हसले.

ती परत आली आणि दारातच थबकली. "बाई, मी कुठे बसले होते?"

वर्ग खो खो हसला. "अगं, स्वतःला नळावरच विसरलीस की काय?" बाईंनी कपाळाला हात लावला.

मग पोरीने सोळाचे निम्मे सांगितले, अठराचे, विसाचेही. कुठे अडखळणं नाही. हेडमास्तरांनी मुकाट्याने नाव राहू दिलं.

"चमत्कारच ग बाई," संध्याकाळी बाई शिंपिणीला म्हणाल्या. "नुसतं पाणी प्यायली!"

शिंपीण हसली आणि डोळे पुसू लागली.

हेडमास्तर पुढे बदलून गेले, ते तिकडचेच झाले. शिंपिणीने बाजारात दुकान थाटलं. बाई निवृत्त झाल्या आणि शेवटपर्यंत जो भेटेल त्याला ते पाण्याचं कोडं घालत राहिल्या. पिटुकली औषधं विकते. आणि तिच्याहून काही मिनिटांनी धाकटी, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी तिची बहीण त्याच शाळेत पहिलीला निम्मे शिकवते.