मुलाचा लॅपटॉप

गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपचं काय झालं, हे विचारायला काका रोज दुकानात खेटे घालत. आज त्या बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून फोटो, व्हिडिओ, सगळं जसंच्या तसं निघालं. दुरुस्तीवाल्याने लगेच काकांच्या सुनेला फोन लावला.

"वहिनी, सगळं मिळालं! काका आले की देऊन टाकतो."

तिने आवाज खाली आणला.

"नका देऊ. हे गेल्यापासून बाबा खोलीबाहेर येत नव्हते. आता तुमच्याकडे यायचं म्हणून रोज दाढी करतात."

काका पायरी चढत होते. पडद्यावर मुलगा हसत होता. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप मिटला.

"निघालं का काही?"

"नाही हो काका. लागेल अजून वेळ."

"लागू द्या," गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत काका म्हणाले. "उद्या येतो."